अल्पसंख्याक वकील संघटनेच्या माजी अध्यक्षांची कारकीर्द कशी नोंदवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धापनदिनाची स्मरणिका असो, कार्यालयातली फोटोंची भिंत असो किंवा संकेतस्थळ असो, मुंबईतल्या वकील संघटना कधी ना कधी माजी अध्यक्षांचे परिचय लिहायला घेतात. त्या वेळी पदाधिकारी, ज्युनिअर वकील आणि दिवंगत अध्यक्षांचे कुटुंबीय जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत आणि एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे तसा उल्लेख केला आहे.

१. परिचयात नेमकं काय काय आलंच पाहिजे?

सनदेची तारीख आणि क्रमांक. कायद्याचं शिक्षण कुठे झालं. पहिली दोन-तीन वर्षं कोणाच्या चेंबरमध्ये गेली. मुख्य कोर्ट कोणतं: हायकोर्टाची ओरिजिनल साइड (जिथे दावे थेट दाखल होतात), अपील शाखा, सिटी सिव्हिल, स्मॉल कॉजेस, किल्ला कोर्ट (मॅजिस्ट्रेट कोर्ट), फॅमिली कोर्ट की लेबर कोर्ट. काम कोणत्या प्रकारचं. छापून आलेले निकाल. सरकारी नेमणुका. संघटनेतली पदं, सुरुवात आणि शेवटच्या तारखांसह. वकिली थांबल्यावर काय केलं. सहाशे ते आठशे शब्दांत हे सगळं नीट बसतं.

सत्कार आणि पुरस्कार शेवटी, दोन ओळींत. हाती येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत उलटं असतं: मानसन्मानांचे चार परिच्छेद असतात आणि हा माणूस रोज सकाळी कोणत्या कोर्टात जायचा, त्याचा उल्लेखच नसतो. अध्यक्षपद वर्ष-दोन वर्षांचं असतं, वकिली तीस-चाळीस वर्षांची. परिचयही त्याच प्रमाणात लिहावा.

२. ‘अल्पसंख्याक’ मध्ये कोणते समाज धरायचे? बौद्ध वकिलांची संघटना त्यात येते का?

येते. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अधिसूचित झाले. २०१४ मध्ये जैन समाजाची भर पडली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजालाही राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला.

धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या यादीतही स्थान मिळालं. त्यामुळे एकाच वकिलाचा उल्लेख एका ठिकाणी ‘अनुसूचित जाती’ आणि दुसरीकडे ‘बौद्ध’ असा सापडतो. दोन्ही बरोबर असू शकतं. सरकारी नेमणुकीच्या कागदावर जे लिहिलं आहे ते तसंच ठेवावं, आणि त्या व्यक्तीने स्वतःची ओळख जशी सांगितली तशी परिचयात लिहावी.

३. सनद कधी मिळाली हे कसं शोधायचं? घरच्यांना फक्त एलएल.बी.चं वर्ष आठवतं.

पदवीचं वर्ष आणि सनदेचं वर्ष एक धरू नका. दीक्षान्त समारंभ उशिरा होतो, काहीजण पदवीनंतर नोकरी करून मग सनद घेतात. वकिलाची ज्येष्ठता नोंदणीच्या तारखेवरून मोजतात, तेव्हा महत्त्वाची तारीख तीच.

आधी वकालतनामे (पक्षकाराने वकील नेमल्याचे कागद) पाहावेत. त्यांवर सहीखाली सनद क्रमांक असतो: आधी महाराष्ट्राची अक्षरं, मग अनुक्रमांक, मग वर्ष. क्रमांक हाती आला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन रोलवरची (वकिलांच्या नोंदवहीतली) नोंद पडताळता येते. वकालतनामा नसेल तर ओळखपत्र, वेल्फेअर स्टॅम्पच्या पावत्या किंवा बार असोसिएशनचा सभासद अर्ज शोधावा. क्रमांकातल्या वर्षावर थांबू नका, नोंदणीचा दिवस आणि महिनाही घ्या. एकाच वर्षाच्या दोन अध्यक्षांचा क्रम लावताना त्याचीच गरज पडते.

४. जुन्या अध्यक्षांच्या नावापुढे ‘बॅरिस्टर’, ‘प्लीडर’, ‘वकील’, ‘सॉलिसिटर’ असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. सगळ्यांना ‘अ‍ॅडव्होकेट’ लिहिलं तर चालेल का?

नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यापूर्वी या वेगवेगळ्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीचे अधिकार वेगळे होते. जिल्हा कोर्टाची सनद असलेला प्लीडर हायकोर्टात उभा राहू शकत नसे. बॅरिस्टर इंग्लंडमधल्या चार इन्सपैकी (बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी) एकातून पात्र होऊन यायचा आणि मग इथे स्वतंत्र नोंदणी करायचा, म्हणून त्याच्या दोन तारखा असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, मुंबईत वकिली सुरू झाली १९२३ मध्ये. दोन्ही वर्षं लिहावीत.

मुंबईच्या ओरिजिनल साइडवर आणखी एक पद्धत होती. सॉलिसिटरने ब्रीफ (प्रकरणाचं काम आणि कागद) दिल्याशिवाय वकील तिथे उभा राहू शकत नसे. ही दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने संपली आणि १ जानेवारी १९७७ पासून कायद्याने सगळेच अ‍ॅडव्होकेट झाले. म्हणून एखाद्याने १९६५ मध्ये पक्षकाराकडून थेट काम घेऊन ओरिजिनल साइडवर दावा चालवला असं मसुद्यात दिसलं, तर तो उल्लेख पुन्हा तपासावा. बहुधा ते काम सिटी सिव्हिल कोर्टातलं किंवा अपील शाखेतलं असतं.

५. आमचे पहिले अध्यक्ष औरंगाबादहून (किंवा नागपूर, गोव्याहून) मुंबईत आले. त्यांची सुरुवातीची नोंद मुंबईत सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ती तिथे झालीच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि तिथल्या वकिलांची नोंद हैदराबादच्या हायकोर्टाकडे होती. निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात, ते वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. विदर्भासाठी १९३६ ते १९५६ या काळात नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट होतं. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, तेव्हा तिथले कागद पोर्तुगीजमध्ये.

मुंबई हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये आणि पणजीचं १९८२ मध्ये सुरू झालं. १९८१ आधीच्या वर्षासाठी ‘औरंगाबाद खंडपीठात वकिली’ असं लिहिलं असेल तर ते चूक आहे. कोल्हापूरचं सर्किट बेंच तर ऑगस्ट २०२५ चं.

जुन्या रोलवरून नव्या रोलवर आलेल्यांची ज्येष्ठता पहिल्या नोंदणीपासूनच धरली जाते, म्हणून पहिली तारीख सोडून देऊ नये.

६. कोणाच्या चेंबरमध्ये ज्युनिअर होते, याला इतकं महत्त्व का? आणि ते शोधायचं कसं?

कारण या समाजांतल्या पहिल्या पिढीच्या वकिलांसाठी सनद मिळवण्यापेक्षा चेंबरचं दार उघडणं अवघड होतं. वडील-काका वकील नाहीत, ओळखीचा सॉलिसिटर नाही, फोर्टात बसायला टेबल नाही. बाबासाहेबांसारख्या विद्वानालाही जातीमुळे सॉलिसिटरांकडून ब्रीफ मिळणं कठीण गेलं. त्यांनी अपील शाखेवर आणि जिल्हा कोर्टांतल्या कामावर भर दिला, जोडीला शिकवलं: बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा, पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात अध्यापन आणि १९३५ मध्ये त्याच कॉलेजचं प्राचार्यपद. तेव्हा कोणी कोणाला चेंबरमध्ये घेतलं, ही या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची माहिती आहे आणि तीच सर्वांत आधी विस्मरणात जाते.

हायकोर्टातल्या कामासाठी छापील निकालांतली वकिलांची नावं पाहा. निकालाच्या सुरुवातीलाच ओळ असते: अमुक, सोबत तमुक, आणि पुढे ‘इन्स्ट्रक्टेड बाय’ म्हणून तिसरं नाव. पहिलं नाव बाजू मांडणाऱ्या सीनियरचं, ‘सोबत’ असलेलं ज्युनिअरचं, तिसरं प्रकरण दाखल करणाऱ्याचं. तुमच्या अध्यक्षांचं नाव पाच-सहा निकालांत एकाच सीनियरसोबत आलं, तर चेंबर सापडलं असं समजायला हरकत नाही. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून आहे, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून. दोन्ही चाळा.

नावाची सगळी इंग्रजी स्पेलिंगं शोधा. कांबळे, शेख, गायकवाड, डिसूझा ही आडनावं तीन-चार तऱ्हांनी छापलेली असतात आणि फक्त आद्याक्षरं दिली असतील तर त्याच आडनावाचा दुसरा वकील तुमच्या यादीत येतो. दोघांत फरक करायला कोर्ट, वर्ष आणि सोबतचा सीनियर या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

ज्यांचं आयुष्य किल्ला कोर्टात किंवा स्मॉल कॉजेसमध्ये गेलं, त्यांचं नाव छापील निकालांत क्वचितच येतं. तिथे आधार वकिलाच्या रोजच्या डायरीचा. तिच्या पानावर मागची तारीख, केस नंबर, पक्षकारांची नावं, कामाचा टप्पा (समन्स, पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद) आणि पुढची तारीख असे रकाने असतात. वर्षातली चार पानं जरी पाहिली, समजा मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमधलं एकेक, तरी रोजची किती कामं, कोणती कोर्टं आणि कसल्या केसेस हे कळतं. छापील निकाल नाहीत म्हणून कारकीर्द लहान होती असं कुणी लिहू नये. डायरीतली नावं मात्र उघड करायची नाहीत, त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये.

७. ‘पहिले’, ‘पहिल्या’ हे शब्द कधी वापरायचे?

तीन गोष्टी जोडूनच: कोणतं कोर्ट, कोणतं पद, आणि कोणत्या गटातून पहिले. त्यांतली एक जरी गाळली तरी विधान खोटं ठरू शकतं.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण वकील म्हणून त्यांची नोंदणी झाली ती १९२१ मध्ये, अलाहाबादला. स्त्रियांना वकिलीपासून अडवणारी तरतूद १९२३ च्या कायद्याने गेली. त्यानंतर मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री मिठन लाम. त्या पुढे १९४७ मध्ये मुंबईच्या शेरीफ झाल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षही. दोघी पारशी वर्तुळातल्या, दोघींना लोक ‘पहिल्या महिला वकील’ म्हणतात, आणि कोर्टाचं नाव घातलं की दोन्ही विधानं खरी होतात. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती आणि १९९४ मध्ये पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती. ही दोन वेगळी ‘पहिली’ आहेत.

सरन्यायाधीशपदाचंही तसंच. के. जी. बालकृष्णन २००७ मध्ये दलित समाजातून आलेले पहिले सरन्यायाधीश झाले. २०२५ मध्ये झालेले भूषण गवई हे दुसरे, आणि बौद्ध समाजातून आलेले पहिले.

८. चांगली नोंद कशी दिसते, याचं एखादं उदाहरण द्याल का?

सार्वजनिक नोंदीतलं उदाहरण घेऊ, न्या. भूषण गवई यांचं. १६ मार्च १९८५ ला वकिली सुरू. १९८७ पर्यंत बॅ. राजा भोसले यांच्याकडे. १९८७ ते १९९० मुंबई हायकोर्टात स्वतंत्र काम, मग मुख्यतः नागपूर खंडपीठात. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ सहायक सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता. १७ जानेवारी २००० पासून नागपूर खंडपीठासाठी सरकारी वकील आणि सरकारी अभियोक्ता. १४ नोव्हेंबर २००३ ला अतिरिक्त न्यायमूर्ती, १२ नोव्हेंबर २००५ ला कायम. २४ मे २०१९ ला सुप्रीम कोर्टात. १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ सरन्यायाधीश.

एकही विशेषण नाही, तरी कारकिर्दीची चढण दिसते. विशेष म्हणजे गुरूचं नाव दुसऱ्याच वाक्यात आहे.

९. एजीपी, एपीपी, जीपी, पीपी यांत फार गोंधळ होतो. सरळ ‘सरकारी वकील’ लिहिलं तर?

मराठीत सगळ्यांनाच सरकारी वकील म्हणतात, म्हणून परिचयात पूर्ण पदनाम हवं. जीपी (सरकारी वकील) आणि त्याचा सहायक एजीपी दिवाणी आणि रिट प्रकरणांत शासनाची बाजू मांडतात, पीपी (सरकारी अभियोक्ता) फौजदारीत. सर्वांत जास्त फसवणारी अक्षरं एपीपी. त्यांचा अर्थ अतिरिक्त सरकारी अभियोक्ताही होतो आणि सहायक सरकारी अभियोक्ताही. पहिला सेशन्स कोर्टात किंवा हायकोर्टात असतो आणि त्या नेमणुकीला किमान सात वर्षांची वकिली लागते. दुसरा मॅजिस्ट्रेट कोर्टातला. विशेष सरकारी अभियोक्ता एखाद्या खटल्यासाठी किंवा खटल्यांच्या गटासाठी नेमतात, तिथे दहा वर्षं लागतात. ते कायम पद समजू नये.

नेमणुकीचा आधार म्हणजे विधि व न्याय विभागाचा आदेश किंवा राजपत्र. ‘ते सरकारी वकील होते’ एवढ्या आठवणीवर विसंबू नये. सरकारच्या पॅनलवर एखादं प्रकरण लढवलेल्यालाही घरचे तसंच म्हणतात.

नोटरीपदाचंही वर्ष द्या. त्यासाठी साधारण दहा वर्षांची वकिली लागते, पण स्त्रिया आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय यांच्यासाठी सात.

१०. आमचे माजी अध्यक्ष ‘ज्येष्ठ वकील’ होते. म्हणजे सीनियर अ‍ॅडव्होकेट का?

वर्तमानपत्रात पांढऱ्या केसांच्या प्रत्येक वकिलाला ज्येष्ठ वकील म्हणतात. सीनियर अ‍ॅडव्होकेट हे कायद्याच्या कलम १६ खाली हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाने दिलेलं पदनाम आहे, त्याची अधिसूचना निघते आणि तारीख असते. ती नसेल तर ‘ज्येष्ठ’ शब्द टाळून ‘अडतीस वर्षं वकिली’ असं थेट लिहा.

पदनाम मिळालेला वकील स्वतः वकालतनामा दाखल करत नाही आणि पक्षकाराकडून थेट काम घेत नाही. म्हणून त्या तारखेनंतर निकालांतली त्याची जागा बदलते (प्रश्न ६ पाहा).

निवडीची पद्धतही बदलत गेली आहे. इंदिरा जयसिंग यांना मुंबई हायकोर्टाने १९८६ मध्ये सीनियर केलं, त्या इथल्या पहिल्या महिला सीनियर. त्यांच्याच याचिकेवर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर गुणांची पद्धत आणली, आणि मे २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणात ती रद्द केली. ‘इतके गुण मिळवून सीनियर झाले’ हे वाक्य फक्त मधल्या वर्षांतल्या पदनामालाच लागू पडतं.

११. अध्यक्षपदाच्या एकाच वर्षावर दोघांचा हक्क आहे. कोणाचं खरं?

संघटना नोंदणीकृत असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट एकचा उतारा काढा. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. गोंधळ होतो तो इथे: निवडणूक एका वर्षी झाली, रिपोर्ट उशिरा गेला, आणि मंजुरी आणखी काही वर्षांनी आली. उताऱ्यावर मंजुरीची तारीख पाहून लोक तेच वर्ष अध्यक्षपदाचं धरतात. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातली निवडीची तारीख प्रमाण माना.

नोंदणी नसेल तर इतिवृत्ताची वही, मग पावती पुस्तकांवरच्या सह्या, मग त्या वर्षीच्या लेटरहेडवरची नावं. अध्यक्ष मध्येच न्यायाधीश झाला किंवा वारला आणि उपाध्यक्षाने काम पाहिलं, तर त्याला ‘कार्यकारी अध्यक्ष’ म्हणून महिन्यांसह वेगळी ओळ द्या. ते काम खरं झालेलं असतं, ते गाळणं अन्याय आहे.

१२. हयात आणि वकिली करत असलेल्या माजी अध्यक्षांचा परिचय संकेतस्थळावर टाकला तर जाहिरात ठरेल का?

ठरू शकते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, नोंदणी क्रमांक आणि तारीख, राज्य बार कौन्सिल, सभासद असलेली संघटना, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढीच माहिती देता येते. जिंकलेल्या खटल्यांची यादी, पक्षकारांची नावं, ‘निष्णात’, ‘यशस्वी’ हे शब्द आणि संपर्काचं बटण नको.

बऱ्याच माजी अध्यक्षांना माहीत नसलेली गोष्ट: त्याच नियमाप्रमाणे वकिलाच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर तो कोणत्याही संघटनेचा आजी-माजी अध्यक्ष असल्याचं लिहिता येत नाही. माजी न्यायाधीश किंवा माजी महाधिवक्ता असल्याचंही नाही. संघटनेने सत्कारात नावाची पाटी भेट देताना त्यावर ‘माजी अध्यक्ष’ कोरू नये. ती चेंबरच्या दारावर लागली तर अडचण त्यांना येते.

१३. दिवंगत अध्यक्षांच्या घरच्यांनी कागदांची गाठोडी दिली आहेत. काय ठेवायचं, काय छापायचं?

सर्वांत आधी दोन ढीग करा. एकात पक्षकारांचे कागद: ब्रीफ, नोटिसांचे मसुदे, मत दिलेली पत्रं. दुसऱ्यात त्यांचे स्वतःचे: सनद, नेमणुकीचे आदेश, फोटो, भाषणं, संघटनेचा पत्रव्यवहार, डायऱ्या. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते आणि काम संपल्यावरही ते बंधन उरतं. भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १३२ मध्ये आहे. म्हणून पहिला ढीग छापायचा नाही, प्रदर्शनातही मांडायचा नाही. त्यात मूळ खरेदीखत किंवा मृत्युपत्र निघालं तर ते पक्षकाराकडे किंवा त्याच्या वारसाकडे पोचतं करा आणि पोच घ्या. डायरीतून फक्त कामाचं स्वरूप घ्या.

मुंबईच्या दमट हवेत टाचण्या आणि स्टेपल गंजून कागद खातात. त्या आधी काढा. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत निघत नाही. ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मूळ कागद यादीवर सही घेऊन घरच्यांना परत द्या. पावसाळ्यात गाठोडी जमिनीवर ठेवू नका.

१४. ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते, तरी निवृत्तीनंतर मुंबईत वकिली केली असं घरचे सांगतात. शक्य आहे का?

कायम न्यायमूर्ती असतील तर मुंबई हायकोर्टात आणि त्याच्या हाताखालच्या कोर्टांत नाही. घटनेच्या कलम २२० प्रमाणे त्यांना फक्त सुप्रीम कोर्टात आणि इतर हायकोर्टांत उभं राहता येतं. मुंबईत त्यांनी केलं असेल ते लवादाचं किंवा लेखी मत देण्याचं काम, आणि ते तसंच लिहावं. अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून मुदत संपून कायम न झालेल्यांना हे बंधन लागत नाही, त्यामुळे नेमणुकीचा प्रकार आधी पाहा. सुप्रीम कोर्टाच्या माजी न्यायमूर्तींना मात्र देशातल्या कोणत्याही कोर्टात वकिली करता येत नाही.

१५. एका माजी अध्यक्षांवर बार कौन्सिलकडे तक्रार झाली होती. उल्लेख करायचा का?

तक्रार होणं आणि दोष सिद्ध होणं यांत मोठं अंतर आहे. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीच्या आदेशावर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील होतं आणि तिथून पुढे साठ दिवसांत सुप्रीम कोर्टात. शेवटचा आदेश हाती आल्याशिवाय काही लिहू नका. सनद काही काळ निलंबित झाल्याचा अंतिम आदेश असेल, तर त्या काळात ते वकिली करत होते असं दाखवणारी वाक्यं परिचयातून काढावीच लागतात.

सनद स्थगित असणं ही वेगळी गोष्ट. पूर्ण पगारी नोकरी धरली किंवा न्यायाधीश झाले की वकील स्वतःच वकिली स्थगित करतो, त्यात कसलाही कमीपणा नाही. कायद्याचं अध्यापन दिवसाला तीन तासांपर्यंत वकिली चालू ठेवून करता येतं, आणि आमदार-खासदारांना वकिली करायला मनाई नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं. म्हणून बार कौन्सिलकडून आलेल्या उत्तरात ‘सस्पेंडेड’ हा शब्द दिसला तर आधी कारण विचारा: शिक्षा की स्वतःचा अर्ज. घरच्यांना तो शब्द दाखवण्यापूर्वीच हे विचारून घ्या.